दार लावून आंघोळ

मी सरकारी बांधकाम खात्यात अठ्ठावीस वर्षं इंजिनिअर आहे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या, कितीतरी इमारतींच्या नकाशांवर माझी सही आहे. 'दिव्यांगांसाठी सोय केली आहे काय?' हा रकाना तर मी इतक्या वेळा 'होय' लिहून भरला आहे की आता पेन आपोआप तिकडे वळतो. त्यामुळे घरच्या बाथरूमचा प्रश्न आला तेव्हा मी हसलो. म्हटलं, घ्या, हे तर आपलं रोजचं काम.

प्रश्न आईनं काढला. आई म्हणजे कांताबाई गजभिये, वय अठ्ठ्याहत्तर, महानगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर. जुलैत तिचं खुब्याचं हाड मोडलं, नागपुरातच, रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, वॉकर आला. हळूहळू चालणं जमलं, पण आंघोळ काही जमेना. आमच्या बाथरूमला सहा इंचांचा उंबरठा, आत गुळगुळीत टाइल्स, आणि धरायला म्हणून फक्त नळ. म्हणून माझी बायको मिनल तिला रोज स्टुलावर बसवून आंघोळ घालायची. यावर कोणाची काही तक्रार नव्हती, असं मला वाटत होतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी जेवता जेवता आई म्हणाली, "सुशील, मले दार लावून आंघोळ करायची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आत, बाकीचे बाहेर. माह्या हातानं."

"हाव ना, करून टाकू," मी म्हटलं. "पंधरा दिवसांचं काम आहे."

मिनलनं भाजी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत, आणि गॅलरीतला दिवा मी पंधरा दिवसांत बसवणार होतो त्याला त्यातली चार झाली आहेत. पण तो विषय वेगळा आहे.

दुसऱ्याच दिवशी मी फाईल उघडली. हसू नका. ज्या कामाची फाईल नाही ते काम होत नाही, आणि झालं तरी ते झालं असं म्हणता येत नाही. 'विषय: श्रीमती कांताबाई गजभिये यांचे स्नानगृह सुगम्य करणेबाबत.' आत खात्याचा नमुना नकाशा, अंदाजपत्रक, तीन ठिकाणचे दर. पान तीनवर मिनलची सही घ्यायची म्हणून मी 'अवलोकनार्थ सादर' असं लिहून फाईल स्वयंपाकघरात ठेवली. ती परत आली तेव्हा खाली शेरा होता, 'तुरीची डाळ संपली आहे.'

फाईलमध्ये एकूण बावीस रकाने होते. क्षेत्रफळ, उतार, पाण्याचा दाब, दाराची रुंदी, सगळं. आंघोळ करणाऱ्या माणसाचं म्हणणं काय, असा रकाना नव्हता. तसा तो कुठल्याच सरकारी नमुन्यात नसतो. मी आजवर शंभर तरी बाथरूम मंजूर केली असतील, पण त्यातल्या एकातही कोणाला आंघोळ करताना पाहिलं नाही. पाहणं बरंही दिसलं नसतं म्हणा.

त्याच आठवड्यात एका मैदानावर घरसामानाचं प्रदर्शन लागलं होतं. तिथं मी तो टब पाहिला. पांढराशुभ्र, उभट, आत बसायला बैठक, आणि बाजूला चक्क दार. दार उघडायचं, आत जायचं, बसायचं, दार लावायचं, पाणी सोडायचं. विकणारा म्हणाला, "सर, फॉरेन में सब बुजुर्ग लोग इसी में नहाते हैं." आता आईनं काय मागितलं होतं? दार लावून आंघोळ. इथं तर टबालाच दार होतं. आईच्या मागणीपेक्षा एक दार जास्तच मिळत होतं. मी तिथल्या तिथं ऑर्डर देऊन टाकली आणि घरी पोचेपर्यंत ऑफिसातल्या तिघांना फोन करून सांगितलं की नागपुरात असं काम अजून कोणी केलेलं नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "केवढा आहे तो?"

"आई, तू फक्त पाहत राहा."

"मले पाहायचं नाही गा. आंघोळ करायची आहे."

जुन्या माणसांना नव्या गोष्टींचं महत्त्व उशिरा पटतं, अशी मी मनातल्या मनात नोंद केली.

आता सोसायटी. आमचं सुप्रभात अपार्टमेंट तीन मजली आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि आमच्या बरोबर खाली सेक्रेटरी गिरिधरराव बक्षी, बँकेतून रिटायर. आमच्या बाथरूमची फरशी हे त्यांच्या बाथरूमचं छत असल्यामुळे आमच्या आंघोळींत त्यांचं पहिल्यापासून लक्ष. फरशी फोडायची तर त्यांची एनओसी लागते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि पट्टीनं रेघा मारून माझ्यासमोर नवा फॉर्म तयार केला. आंघोळ करणाऱ्याचे नाव, वय, वजन. टबमध्ये मावणारे पाणी. आंघोळ रोज की एक दिवसाआड. मी एकही रकाना मोकळा सोडला नाही. फॉर्मचा अपमान करणं माझ्या रक्तात नाही.

"आणि हो, स्लॅब एवढं वजन पेलेल असा इंजिनिअरचा दाखला," गिरिधरराव म्हणाले.

"मीच इंजिनिअर आहे."

"स्वतःच्या कामाचा दाखला स्वतःच कसा देणार, गजभियेसाहेब? बरं दिसत नाही ते."

हेच वाक्य, याच आवाजात, मी आयुष्यभर ठेकेदारांना ऐकवत आलो आहे. मी फॉर्म उचलला. शेवटी आमच्याच ऑफिसातल्या पियुषकडे गेलो. पियुष माझ्या हाताखाली तयार झालेला कनिष्ठ अभियंता. त्यानं कागद पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "ठेवून जा साहेब. उद्या बघू." मी तीन दिवस त्याच्या टेबलासमोर उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्यानं दाखला दिला. पोरगं माझ्याकडून इतकं बारकाईनं शिकलं याचा मला रागही आला आणि थोडा अभिमानही वाटला.

एनओसीवर चर्चा करायला पार्किंगमध्ये मीटिंग भरली. गिरिधररावांच्या पत्नी चारुलतावहिनी म्हणाल्या, "मी म्हणते, या थंडीत रोज आंघोळ कशाला? अंग पुसलं तरी पुष्कळ झालं." तळमजल्यावरचे शेंडे मूळचे काटोलचे. ते म्हणाले, "आमच्या मामानं आजीसाठी बाथरूमात बैलाचं दावं बांधलं होतं. म्हातारी कधी पडली नाही."

"कधीच नाही?"

"दावं तुटलं तेव्हा पडली. पण तो दाव्याचा दोष."

कोणीतरी विचारलं, टबचं तोंड कोणत्या दिशेला येईल. मी म्हटलं, आम्ही दिशा मानत नाही. ते म्हणाले, तुम्ही नका मानू, पण टबचं तोंड कुठंतरी असेलच ना. पाऊण तास हे चाललं, मग एकदाची एनओसी मिळाली. आई वर गॅलरीत खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. कोणीही मान वर करून तिला काही विचारलं नाही. मीही नाही.

टब आला तेव्हा तो बाथरूमच्या दारातून आत जाईना. 'दाराची रुंदी' या रकान्यात मी मोठ्या कौतुकानं टबच्या दाराची रुंदी लिहिली होती. बाथरूमचं दार मोजायचं राहिलं होतं.

"साहेब, हे आत नाही जात," मिस्त्री धोंडबा म्हणाला.

"तिरपं कर."

"तिरपं करूनच सांगून राहिलो."

मग चौकट तोडली, उंबरठा फोडला, अर्ध्या टाइल्स आपोआप निघाल्या. काम चार दिवस चाललं. मी आणि मिनल खाली गिरिधररावांकडे आंघोळीला जायचो, टॉवेल खांद्यावर टाकून, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला प्रगती सांगत. आईला जिना उतरता येत नव्हता. तिचं अंग मिनल स्वयंपाकघरात, साडीचा पडदा बांधून पुसायची. आई चार दिवस एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, काम तिच्या पसंतीस उतरून राहिलं.

डिसेंबरातला तो रविवार मी विसरणार नाही. चाचणी घेतल्याशिवाय कुठलंही काम ताब्यात द्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणून सकाळी साडेसातला मी हाफपँट आणि बनियनवर टबात शिरलो, बैठकीवर बसलो, दार लावलं, खटका ओढला आणि पाणी सोडलं. फाईल बेसिनवर उघडून ठेवली होती.

आमच्या गिझरात पंधरा लिटर पाणी मावतं. पहिले पंधरा लिटर फार सुखाचे गेले. पुढचे सगळे लिटर नागपूरच्या डिसेंबरातले होते. हा टब असा की आधी माणसानं आत बसायचं आणि मग पाणी चढायची वाट पाहायची. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं, पोटाला लागलं तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मिनल धावत आली. मी तिला म्हटलं, सर्व काही अपेक्षेप्रमाणे आहे.

मग मी पाणी सोडायची कळ दाबली. पाणी हललं नाही. पुन्हा दाबली. नाही. दार उघडायला गेलो तर ते आतल्या बाजूला उघडणारं, आणि त्याला दोन फूट पाणी आतून दाबून बसलेलं. मी सरळ उभा राहून वरून बाहेर पडायचं ठरवलं. टबची भिंत साडेतीन फूट. एक पाय उचलला, तो वरपर्यंत पोचलाच नाही. दुसरा उचलून पाहिला, त्याचंही तेच. चोपन्न वर्षांचा, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला माणूस मी, पुन्हा खाली बसलो.

मिनलनं धोंडबाला फोन लावला. तो भिवापूरला साळ्याच्या लग्नात होता. मागून बँड वाजत होता. "पाईपात सिमेंट जाऊ नये म्हणून चिंधी कोंबली होती, बाई. साहेबांनी काढली नाही का?"

"त्यांनी काढायची होती?"

"मी सांगितलं होतं. साहेब फोनवर होते, मान हलवली त्यांनी."

बाथरूमच्या फरशीतल्या जाळीचं पाणीही त्याच चोंदलेल्या पाईपातून जायचं, म्हणून मिनल बादलीनं पाणी काढून गॅलरीत नेऊन ओतायला लागली. ते खाली गिरिधररावांनी उन्हाला टाकलेल्या दुलईवर पडलं. ते दुलई घेऊन तावातावानं वर आले, मला पाहिलं आणि दुलई खाली ठेवून बादली मागितली. तेवढं मन त्यांना आहे. मागून चारुलतावहिनी आल्या. शेंडे आले आणि दारातूनच म्हणाले, "दावं आणू का?"

मी गुडघे पोटाशी घेऊन, ओल्या बनियनमध्ये कुडकुडत बसलो होतो. माझ्या डोक्यावरून सल्ले जात होते. कोणी म्हणे बगलेत धरून ओढा, कोणी म्हणे तेल लावा. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, सगळे माझ्याबद्दल बोलत होते. मला आयुष्यात इतकं लहान कधी वाटलं नाही.

तेवढ्यात वॉकरचा टक टक आवाज आला. सगळे बाजूला झाले. आई दारात येऊन उभी राहिली. तिनं मला नीट पाहून घेतलं.

"थंडी वाजून राहिली का?"

"हाव."

"लाज वाटून राहिली?"

मी गिरिधररावांकडे पाहिलं, शेंड्यांकडे पाहिलं. "हाव," मी म्हटलं.

"मले रोज वाटते," आई म्हणाली. "पाच महिने झाले."

मिनल बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तुह्यं काही चुकलं नाही वं, मिनल," आई तिला म्हणाली. "तू पोटच्या पोरीसारखी घालते आंघोळ. पण मी पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग सांभाळले. अन् आता माह्या अंगाले कुठं साबण लागला, कुठं नाही, हे दुसऱ्यानं ठरवायचं. हे मले सहन होत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू एवढी मोठी फाईल केली. त्यात आईले काय पाहिजे, हे कुठं लिहिलं आहे, दाखव."

फाईल बेसिनवर उघडीच होती आणि मला एक पानही दाखवता येईना.

पाणी उपसून मला बाहेर काढायला आणखी वीस मिनिटं लागली. कपडे बदलून आलो तर आई गॅलरीत उन्हात बसली होती, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर माझी फाईल, हातात लाल पेन. तासाभरानं तिनं ती परत दिली. टबवर उभी काट. नकाशावर अकरा ठिकाणी लाल गोल. शेवटी, माझ्या सहीच्या खाली, 'पुन्हा करा.' अठ्ठावीस वर्षांत माझी फाईल परत आली नव्हती.

धोंडबा लग्नाहून आला. टब खाली पार्किंगमध्ये गेला, तिथं गिरिधररावांनी त्याला 'विनापरवाना उभे केलेले वाहन' म्हणून नोटीस चिकटवली, तिथून गच्चीवर गेला, आणि आता त्यात मिनलनं भिवापुरी मिरची लावली आहे. चांगली येते. दार उघडून तोडायला सोपं पडतं.

उरलेल्या टाइल्सही निघाल्यामुळे बाथरूमच्या भिंती नुसत्या सिमेंटच्या होत्या. आईनं आत खुर्ची ठेवायला लावली, त्यावर बसली आणि खडू मागितला. मग तिनं डोळे मिटले आणि कोरड्यात आंघोळ केली. म्हणजे हात पुढे करून नळ सोडला, तांब्या उचलला, साबण शोधला, पाठ चोळली. जिथं जिथं हात गेला तिथं भिंतीवर खडूनं खूण केली. उठताना तिचा उजवा हात भिंतीवर जिथं टेकला, तिथं जाड रेघ ओढली.

"आई, धरायचा दांडा डावीकडे असतो," मी म्हटलं. "खात्याच्या नमुन्यात तसंच आहे."

"नमुन्याचं हाड मोडलं नाही, माह्यं मोडलं," ती म्हणाली. "धोंडबा, रेघेवर लाव गा."

"लावतो, माय."

ती सांगत गेली, मी लिहून घेत गेलो. बसायची बैठक तिच्या गुडघ्याच्या उंचीला. फरशी खरबरीत, आणि हॉलच्या बरोबरीला, उंबरठा नाहीच. बसल्या जागी हातात येईल असा पाण्याचा फवारा. आणि एक गोष्ट माझ्या बावीस रकान्यांत सोडा, स्वप्नातही आली नसती. कोरड्या कोपऱ्यात एक दुसरी बैठक आणि साडी टांगायला खुंट्या. "आंघोळ करून मले अर्धवट गुंडाळून हॉलमधून नेता तुम्ही," आई म्हणाली. "मी आतच नेसून बाहेर येईन." मी मान खाली घालून लिहिलं. कडीबद्दल मात्र मी अडून बसलो. बाहेरून नाणं घालून उघडता येईल अशीच कडी पाहिजे, काही झालं तर काय. आईनं विचार केला आणि हो म्हणाली, पण ती जोपर्यंत आवाज देत नाही तोपर्यंत नाणं लावायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

एनओसी पुन्हा लागली. या वेळी फॉर्मवर अर्जदार म्हणून आईनं स्वतःचं नाव लिहिलं. गिरिधरराव सही घ्यायला वर आले. म्हणाले, "कांताबाई, तो आंघोळीचा रकाना मोकळा राहिला."

"रोज. सकाळी आठला. किती वेळ ते मी ठरवीन."

त्यांनी निमूट शिक्का मारला.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी आठ वाजता आई वॉकर घेऊन आत गेली. साडी आधीच खुंटीवर नेऊन ठेवली होती, घडी तिनंच घातली होती. दार लागलं. कडी लागली. मिनलनं डोळे पुसले, मी घड्याळ पाहिलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. कारण, 'तांत्रिक पाहणी.'

दहा मिनिटं पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. मी नाणं हातात घेतलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी दाराला कान लावला.

"आई?"

"काय?"

"बरं आहे ना? आवाज येऊन नाही राहिला."

"साबण लावून राहिली. साबणाचा आवाज नसते."

पुन्हा पाणी सुरू झालं. मग बंद झालं. मग आत कुठं तरी ती गुणगुणायला लागली. काय ते कळत नव्हतं, पण जुलैपासून तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. मिनलनं माझा हात दाबला. पस्तीस मिनिटं झाली. खाली पाण्याचा आवाज ऐकू येत असल्यामुळे गिरिधरराव वर आले, मागून चारुलतावहिनीही आल्या. चाळीस मिनिटं झाली. आत एकदा काहीतरी घरंगळलं. मग वॉकर सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. नाणं कडीच्या खाचेपासून चार बोटांवर होतं.

"उघडा ना, गजभियेसाहेब," गिरिधरराव हळूच म्हणाले. "पन्नास मिनिटं होत आली. एवढा वेळ त्या आत करून काय राहिल्या?"

मी नाणं खिशात टाकलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. एवढ्या वर्षांत कुठल्याही उद्घाटनाला माझी छाती इतकी फुगली नव्हती.

"आंघोळ," मी म्हटलं.